चार मिनिटांची कवाईत

१

भटू मेला त्या घडीला बाहेर मैदानात धुळ्याचे तपासणीसाहेब हातातलं घड्याळ बघून म्हणत होते, "चार मिनिटं! शाब्बास!"

आणि प्रिन्सिपॉल इंद्रसिंग गिरासे छाती काढून ओरडले, "बेचाळीस हजर, साहेब! एकही मागे नाही!"

ही गोष्ट एवढीच आहे. पण एवढं सांगून गप्प बसलं तर गुन्हेगार मिशीला पीळ देत फिरतो आणि गरीब खडी फोडायला जातो. म्हणून पुढचं सांगणं आलं.

सन त्रेचाळीसचा भादवा. शहाद्याहून लोणखेड्याकडे जाताना उमेदमल शेठचं बंद पडलेलं जिन होतं. कापसाचा धंदा बसला, तसं शेठनं त्या इमारतीत शाळामास्तर घडवायचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. बेचाळीस पोरं, शिकायला तिथंच आणि राहायलाही तिथंच. रुईचं लांबलचक गुदाम म्हणजे त्यांचं वसतिगृह. मधून बोळ, दोन्ही अंगाला खोल्या, वर छपराशी टीचभर झरोके. रुईला खिडक्या कशाला लागतात? बोळाच्या पुढच्या तोंडाला जिनाचं जुनं लोखंडी सरकतं दार आणि मागच्या तोंडाला विहिरीकडे उघडणारं लाकडी दार. आत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या वाटा या दोनच.

लढाई चालू होती. बॉम्ब पडला तर, आग लागली तर काय कराल, असा सरकारी फतवा आला होता. शहाद्यावर बॉम्ब टाकायला जपानी काय मिरच्या घ्यायला येणार होता? पण फतवा म्हणजे फतवा. गुदामापुढच्या व्हरांड्यात सहा लाल बादल्या पाण्याच्या लागल्या, चार वाळूच्या लागल्या, पितळी घंटा टांगली गेली आणि आगीची कवाईत ठरली. घंटा झाली की पोरांनी पुढच्या दारानं मैदानात यायचं. शेवटच्यानं दार ओढून बाहेरून अडसर घालायचा, म्हणजे आगीला वारा मिळत नाही. मग रांगा, मग मोजणी. धूर खरा दिसावा म्हणून व्हरांड्यातच परातीत रॉकेलात भिजवलेले चिंध्यांचे बोळे पेटवायचे.

त्या दिवशी धूर फारच खरा दिसला. साहेबही म्हणाले, "छान केलाय हो धूर." मग झरोक्यातून जीभ बाहेर आल्यासारखी ज्वाळा आली.

कॉलेजचा राखणदार रायसिंग भील नुकताच साहेबांना सारंगखेड्याच्या नावेवरून दमणीत घालून घेऊन आला होता. बैलांचे दोर तसेच टाकून तो मागच्या बाजूला धावला. मागल्या दाराला बाहेरून कुलूप. कमरेची किल्ली काढून त्यानं ते उघडलं, तसा दाराला टेकून बसलेला भटू त्याच्या पायांवर कलंडला. धुरानं काळा पडलेला. बोटांची नखं दाराच्या फळीत रुतून तुटलेली. चार दिवस तापानं फणफणलेलं एकोणीस वर्षांचं पोर.

इकडे पोरं बादल्यांकडे पळाली. सहाच्या सहा कोरड्या. विहिरीवरून पाणी ओढेपर्यंत निम्मं गुदाम गेलं.

फौजदार दुपारी आला आणि चहा निवायच्या आत त्याचा तपास संपला. "राखणदार रात्री दारू पिऊन पडला. पहाटे मागलं दार उघडलं नाही, बादल्या भरल्या नाहीत आणि तसाच दमणी जुंपून गेला. किल्ली त्याच्याच कमरेला. आणखी काय पाहिजे?"

रायसिंगला दोरी लागली. कॉलेजची स्वयंपाकीण कौसाबाई हे सगळं चुलीपाशी उभी राहून बघत होती. चुलीवर भटूची पेज अजून कोमट होती.

ती पेज दहाच्या आत पोराच्या पोटात जायची. पण साडेनवाला प्रिन्सिपॉल स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले होते. "भटूची पेज आत्ता नेऊ नकोस बाई, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. कवाईत झाली की ने."

कधी नाही ती माया बघून कौसाबाईला तेव्हा बरं वाटलं होतं.

२

कौसाबाईच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत, ती जिनात कापूस घालायच्या कामाला असताना, रुई पेटली होती. बाया लुगड्यात कापूस लपवून नेतात म्हणून थोरल्या शेठनं, म्हणजे उमेदमलच्या बापानं, बाहेरून कुलूप लावलेलं. दोघी आत जळाल्या. तिसरी ही. रायसिंगनं पहारीनं कोयंडा उखडला आणि हिला केसांना धरून बाहेर ओढलं. त्या पहारीबद्दल थोरल्या शेठनं त्याचा आठवड्याचा पगार कापला होता.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून चौकीवर गेली. शिपाई म्हणाला, "कैद्याला बाहेरचं खाणं नाही."

"मंग तू खाय," ती म्हणाली, "आणि तुन्ही मायले सांग, एक बाईनं उपाशी माणूसनी भाकर माले दिधी."

शिपायानं तोंड वाकडं केलं आणि बाजूला झाला.

रायसिंग भिंतीला पाठ लावून बसला होता. ओठ फुटलेला. कौसाबाई सरळ मुद्द्याला आली.

"दारू पेल व्हता का?"

"नही, बहीण. तुन्ही आन."

"आन नको घालू, माले खरं पाहिजे. दार उघडं का नही?"

"कोंबडा बांग दे त्याना पहिले उघडं. कुलूप कोयंडाले तसंच लटकाडी दिधं. मंग दमणी जुंपी."

"आणि बादल्या?"

"त्या कधीन्याच भरेल शेत. रोज सकाळ उणं व्हई तेवढं वर टाकस. आदल्या सांजले देख्यात, काठोकाठ व्हत्यात."

"मंग त्या कोरड्या कश्या व्हयन्यात?"

रायसिंगनं हातातल्या भाकरीकडे बघितलं. "माले काय माहीत? धुळ्याले लई जातीन परवा. मन्ही बायको दिवलीले सांगजो, डोंगरमा मायघरे जाय. आठे राहू नको."

"तुन्ही दिवलीले तूच सांगजो," कौसाबाई उठली. "आणि भाकर खाय. नुसता देखत बसू नको."

बाहेर पडताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट ठणकत होती. रायसिंग खरं बोलत असेल, तर सहा बादल्या पाणी त्या सकाळी कुणीतरी मुद्दाम काढून नेलं होतं. दुष्काळात पाण्याची चोरी होते. भादव्यात सहा बादल्या शिळं पाणी कोण चोरतो?

३

बादल्या अजून व्हरांड्यातच होत्या. फौजदारानं त्या मुद्देमाल म्हणून कागदावर लिहून घेतल्या होत्या, पण हात लावून कुणी बघितलं नव्हतं. कौसाबाईनं बघितलं.

पहिल्या बादलीत तिनं उजव्या हाताचं चांगलं बोट घातलं. आतून काठापर्यंत हिरवी शेवाळाची रेघ होती आणि ती अजून बुळबुळत होती. दुसरीतही तसंच होतं, आणि उरलेल्या चारींतही. कित्येक दिवस न भरलेल्या बादलीत धूळ असते, कोळ्याची जाळी असते. ह्या कालपर्यंत भरलेल्या होत्या. रायसिंग खोटं बोलत नव्हता.

मग ती वाकली. बादल्यांखालची फरशी तिनं तळव्यानं चाचपली. पाणी फेकलं असतं तर फरशीच्या कडेला मातीत चर पडला असता. आणि एवढं शिळं पाणी म्हणजे त्यात डासांच्या अळ्या असणारच. फेकलं असतं तर त्या फरशीवर सुकून चिकटल्या असत्या. तसं काहीच नव्हतं. आग विझवायचं पाणीही पोरांनी मागल्या बाजूनं ओढलेलं. व्हरांडा कोरडाच होता. म्हणजे पाणी ओतलं नव्हतं, सांडलं नव्हतं. कुणीतरी ते देवाचं तीर्थ असल्यासारखं, थेंब न सांडता, उचलून नेलं होतं.

कौसाबाई मागे विहिरीवर गेली. विहीर शेठच्या हवेलीची आणि कॉलेजची एकच. रहाटाजवळच्या खुंटीला एक पितळी भांडं लटकत होतं. बुडालाही कडी असलेलं. बाजूच्या भिंतीवर पाणी गाळायचं दुपदरी फडकं वाळत घातलेलं.

अकरा-बारा वर्षं या आवारात घालवलेल्या बाईला ते भांडं ओळखायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मारवाड्यांच्या बाया पाणी गाळतात. फडक्यात जे जीव राहतात ते गटारीत टाकत नाहीत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडतात. वरून फेकूनही नाही, जिवाला दणका बसेल. बुडाच्या कडीला दोर बांधून भांडं हळूहळू खाली नेतात आणि पाण्याला टेकल्यावर हळूच पालथं करतात. पर्युषणाच्या आठ दिवसांत तर ह्यात जराही कसूर चालत नाही.

आणि हे पर्युषण चालू होतं.

सहा बादल्या अळ्या. कुणीतरी त्यांना जीवदान दिलं होतं.

कौसाबाई विहिरीच्या काठावरच बसली. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडली. डासांच्या अळ्या वाचल्या आणि पोरगा मेला. असला हिशेब देवाच्या बापालाही जमायचा नाही.

मग तिचे डोळे समोरच्या जळक्या दाराकडे गेले आणि ती एकदम उठून उभी राहिली.

व्हरांड्यातून विहिरीवर यायचं तर एकच वाट. बोळातून, आणि या मागल्या दारातून. बाहेरून वळसा घ्यायचा तर अख्ख्या आवाराला फेरी, मधे बाभळीचं कुंपण. भरलं भांडं घेऊन तिकडून कोण येईल?

म्हणजे त्या सकाळी हे दार उघडं होतं.

४

शेठचा भाचा नथमल कॉलेजात कारकून होता. पोरांच्या हजेरीपासून रॉकेलच्या डब्यापर्यंत सगळं त्याच्या हातात. कौसाबाई आली तेव्हा तो ऑफिसात एकटाच बसून कोऱ्या कागदावर रेघा मारत होता.

"जळेल परात बोळमा पडेल शे. ती तठे कोणी ठेवी?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं. "परात तर व्हरांडामा ठेवानी व्हती."

नथमलच्या हातातला टाक निसटला. "पाऊस आला थोडासा. बोळे विझले असते. मी... मी फक्त आत सरकवली. कुणी आत नव्हतं ना! प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले बेचाळीस हजर! मला काय ठाऊक की तो..." तो रडायला लागला. "मामाजींना नको सांगू."

"फौजदारले काय सांगं तू?"

"की रायसिंग पितो."

"कधी पितांना देखं तू त्याले?"

नथमलनं पडलेला टाक उचलून दौतीत बुडवला.

"माणूस बुडी ऱ्हायना आणि तू त्याना डोकावर पाय ठी उभा ऱ्हास," ती म्हणाली. "रड. खूप रड. पन एक सांग. मागला दारना कुलूपन्या किल्ल्या किती?"

"दोन. एक रायसिंगकडे. एक प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मेजात."

"ते कुलूप नुसतं दाबीसन लागस का?"

"नाही. जिनाचं जुनं कुलूप. लावतानाही किल्ली फिरवावी लागते." बोलता बोलता नथमल थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. 

तिथून ती सरळ हवेलीच्या ओट्यावर गेली. उमेदमल शेठ उपवासानं सुकलेल्या तोंडानं बसले होते.

"मन्हं माजीसाकडे काम शे," ती म्हणाली. शेठची आई जडावबाई, साठी ओलांडलेली विधवा. आवारातली सगळी मंडळी तिला माजीसाच म्हणत.

"माजीसांचं मौन आहे. पर्युषण संपेतो, संवत्सरी होईपर्यंत. तीन दिवसांनी ये."

"परवा रायसिंग धुळ्याले जाई."

"मग मी काय करू? मौन म्हणजे मौन."

"कान तर उघडा शेत ना त्यासना? ते पोऱ्या कसा मरा, हाई सांगं का तुम्ही त्यासले?"

शेठ उठून उभे राहिले. "तापानं मेला, असं सांगितलं. म्हातारं माणूस, आठ दिवसांचा उपवास, सोसायचं नाही. आणि तू कोण विचारणारी? तुझ्या हातची रोटी पोरं खातात म्हणून राहू दिलीय तुला आवारात. उद्यापासून ती पण नको."

"बरं," कौसाबाई म्हणाली. "मंग उद्यापावत तरी मी आठली शे. त्या सकाळ बुडाले कडी असेल भांडं विहीरमा कोणी सोडं, शेठ?"

 ज्याला ठाऊक नसतं तो माणूस 'कसलं भांडं?' असं विचारतो. शेठनं ते विचारलं नाही. ते दार लावून आत गेले.

५

प्रिन्सिपॉल गिरासे दुसऱ्या दिवशी तिला भेटले तेव्हा ते भिंतीवर खिळा ठोकत होते. साहेबांचा शेरा धुळ्याहून आला होता. 'आपत्काळाची तयारी उत्तम. संपूर्ण वसतिगृह चार मिनिटांत रिकामे.' एका पोराच्या मरणाबद्दल खाली बारीक अक्षरात, 'राखणदाराचा हलगर्जीपणा.' गिरासेंनी त्याला लगेच चौकट करून घेतली होती.

"काय गं?"

"पगार घेवाले उनू. शेठनं काढी टाकं माले."

"का?"

"जीभ लांब शे म्हणीसन."

गिरासे हसले. "ते खरंच आहे."

"साहेब, फौजदारना कागदवर तुम्ही काय लिखी दिधं, माले वाची दाखाडा ना. रायसिंगनी बायको ईचारस. मी काय सांगू तिले?"

कुठल्याही माणसाला आपलं लिहिलेलं वाचून दाखवायचा मोह आवरत नाही, आणि मास्तराला तर नाहीच नाही. मेजावर नक्कल होती. गिरासेंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "'सकाळी आठ वाजता मी स्वतः फेरी मारली असता मागील दारास कुलूप दिसले. राखणदार ते उघडून नुसते लटकवून गेला असेल अशी माझी समजूत होती, ती चुकीची ठरली. मयत विद्यार्थी भटू हा आजारी असल्याने त्या पहाटे आपल्या गावी गेला, असे मी समजत होतो. तो आत असल्याचे मला ठाऊक नव्हते.' झालं समाधान?"

कौसाबाईनं पदर तोंडाला लावला, नाहीतर ती तिथंच ओरडली असती.

साडेनऊ. स्वयंपाकघराचा उंबरा. 'आत्ताच डोळा लागलाय त्याचा.'

आणि मग तिला आदला दिवस आठवला. पेजेची वाटी हातात धरून, तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी भटू म्हणाला होता, "मावशी, साहेब उना का मी उठी उभा ऱ्हाऊ आणि बठ्ठं सांगसू. वाळूनी बादलीमा तुन्ही चुलीनी राख शे. कवाईतना दिन घंटा वाजाना पहिलेच आम्हले दारशी उभं करतस, मंग चार मिनिट काय नि दोन मिनिट काय! मी प्रिन्सिपॉलले तोंडवर सांगी दिधं, मी बोलनार शे."

"मंग तो काय म्हणे?"

"म्हणे, तुले ताप चढेल शे, तू पडी ऱ्हाय."

दोघंही तेव्हा हसले होते.

"अजून काय हवंय?" गिरासे विचारत होते.

"काही नही," ती म्हणाली. "फोटो वाकडा लागेल शे तुम्हना. सरळ करा."

६

आगीपासून चौथ्या दिवशी सकाळी दहाला फौजदार रायसिंगला घेऊन आवारात आला. पंचनाम्यावर शेठची आणि प्रिन्सिपॉलची सही घ्यायची, की पुढे सारंगखेडा, दोंडाईचा, धुळे. रायसिंगची दिवलीबाई कुंपणाबाहेर मातीत बसली होती. ती रडत नव्हती. डोंगरातली बाई परक्या माणसांसमोर रडत नाही.

कौसाबाईनं व्हरांड्यात जाऊन घंटेचा दोर पकडला आणि सर्व ताकदीनं ओढला.

घणघणघण! थांबेचना. पोरं वर्गांतून धावत सुटली आणि सवयीनं मैदानात रांगा करून उभी राहिली. नथमल आला. शेठ उघड्या पायांनी ओट्यावरून उतरले. फौजदार शिव्या देत आला. आणि हवेलीच्या दारातून, दोन सुनांच्या आधारानं, पांढऱ्या लुगड्यातली जडावबाई बाहेर आली. घंटा झाली की घरात थांबायचं नाही, हा शेठनंच सगळ्या आवाराला घालून दिलेला नियम होता.

"कुठं आहे आग?" गिरासे ओरडले.

"आठे," कौसाबाईनं छातीवर हात मारला. "मोजा, मास्तर. त्या दिन मोजेल व्हत्यात ना? आज बी मोजा."

"फौजदारसाहेब, ही बाई डोक्यातून..."

"मोजा!"

पोरांतूनच कुणीतरी मोजायला लागलं. आवाज रांगेतून सरकत गेला आणि एकेचाळिसावर थांबला. पुढे कुणी नव्हतं.

"एकेचाळीस," कौसाबाई फौजदाराकडे वळली. "त्या दिन बी एकेचाळीसच व्हतात. ह्यासनी बोंबलीसन सांगं, बेचाळीस. कागदवर लिखं, भटू गावले गया अशी समजूत व्हती. गावले गया व्हता तर बेचाळीस कसा व्हयनात, मास्तर? आणि साडेनवले माले कोणी सांगं, पेज लई जाऊ नको, त्याना डोळा लागेल शे?"

गिरासेंनी चष्मा काढून पुसला. "गडबडीत आकडा चुकला असेल. पेजेचं ही आता रचते आहे. स्वयंपाकिणीचा शब्द आणि माझा शब्द!"

"मन्हा शब्द सोडा. बादल्या बोलतीन." ती एकेक गोष्ट सांगत गेली. ओली शेवाळाची रेघ, कोरडी फरशी, खुंटीवरचं भांडं. फौजदार आधी जांभया देत होता, मग त्याच्या जांभया थांबल्या. "बादल्या भरेल व्हत्यात. एक माणूसनं पुण्य समजीसन त्या रिकाम्या करात आणि पाणी बोळमातून, मागला दारमातून विहिरीवर नेलं. बाभळीना कुपाटामातून नही. रायसिंग तव्हय सारंगखेडाले, साहेबना सामान उचली ऱ्हायंता. तो धुळाना साहेबच त्याना साक्षीदार शे. मंग दार उघडं व्हतं का नही? आणि नंतर ते कोणी लावं? किल्ली फिरावा बिगर ते कुलूप लागत नही. किल्ल्या दोन. एक सारंगखेडाले. दुसरी?"

"ती किल्ली दिवाळीपासून हरवलेली आहे," गिरासे घाईनं म्हणाले. "आणि हे दाराबिराचं सगळं हिचं मनचं. कुणी बघितलं? कोण आहे तो पुण्यवान माणूस? बोलव ना त्याला!"

 कौसाबाई जडावबाईकडे वळली. शेठ मधे आले. "माजीसा, आत चला. एकच दिवस राहिलाय. व्रत मोडेल."

म्हातारीनं मुलाचा हात बाजूला केला. तिचे ओठ सात दिवसांनी हलले, तसा आधी आवाजच फुटला नाही.

"बाल्टियां म्हैं खाली करी," ती म्हणाली.

बादल्या तिनंच रिकाम्या केल्या होत्या.

मग ती सावकाश, तुटक बोलत राहिली. पर्युषणाचं व्याख्यान ऐकून नऊच्या पुढे ती परतली. बादल्यांत जीव वळवळताना दिसले. एकेक करून तिनं ते विहिरीत सोडले. ताजं पाणी भरा, असं मौनामुळे कुणाला सांगता आलं नाही. खुणेनं मुलाला सांगितलं, तर तो हो म्हणाला आणि विसरला. दार सताड उघडं होतं. बोळातल्या खोलीत ते पोरगं जागंच होतं, तिनं त्याच्या कपाळाला हात लावला होता. शेवटच्या खेपेला ती विहिरीकडे उतरली तेव्हा मास्तर दारापाशी येऊन उभा होता. तिच्यासाठी त्यानं अदबीनं वाट सोडली, आणि मग दार ओढलं.

"चाबी लियां ऊभो हो," तिनं गिरासेंकडे बोट केलं. "म्हैं देखी." मग ती मुलाकडे वळली. "तैं म्हनै कह्यो, ताव सूं मर्यो."

तापाची ती थाप आईच्या तोंडून ऐकून उमेदमल शेठ दोन पावलं मागे सरले.

फौजदारानं गिरासेंकडे बघितलं.  मौनातली म्हातारी आणि चुलीपाशची बाई, ह्या दोन जिभा त्यांनी मोजल्याच नव्हत्या.

"मी आग लावली नाही," ते एकदम बोलले. "परात त्या नथमलनं आत नेली! माझं म्हणणं एवढंच, की त्या पोरानं साहेबांसमोर तमाशा करू नये. तास-दोन तासांचा प्रश्न होता. नंतर मी उघडणारच होतो."

"धूर देखा तव्हय किल्ली कोठे व्हती?" कौसाबाईनं विचारलं.

"खिशात."

"मंग?"

गिरासेंनी एकदा रांगांकडे बघितलं. एकेचाळीस पोरं त्यांच्याकडे बघत होती, उद्याचे एकेचाळीस मास्तर.

"साहेब घड्याळ घेऊन उभे होते," ते म्हणाले.

 विचारायला काही उरलंच नव्हतं.

फौजदारानं रायसिंगची दोरी सोडवली. माफी वगैरे मागितली नाही. असली माणसं माफी मागत नाहीत, दोरी फक्त दुसऱ्या हातांना बांधतात. त्या दिवशी ती योग्य हातांना लागली, एवढंच. दिवलीबाई कुंपणातून आत आली, नवऱ्याच्या फुटलेल्या ओठाला तिनं बोट लावलं आणि तेव्हा कुठं रडली.

जडावबाई कौसाबाईसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात जोडलेले. "म्हारी भी चूक."

"शे," कौसाबाई म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. "तुम्हनी बी शे, मन्ही बी शे. मी पेज लई गयू नही. पन तुम्ही बोलनात, माजीसा. व्रत मोडीसन बोलनात."

म्हातारीनं व्हरांड्यातली पहिली बादली उचलली, गाळण्याचं फडकं खांद्यावर टाकलं आणि विहिरीकडे चालू लागली. रोज गाळलेलं, रोज ताजं पाणी. त्यात जीव पडायचाही नाही आणि मरायचाही नाही. रायसिंगनं उरलेल्या पाच घेतल्या. जाता जाता त्यानं मागल्या दाराचं कुलूप कोयंड्यासकट उखडलं. ह्या वेळी कुणी त्याचा पगार कापला नाही.

कौसाबाई ऑफिसात गेली. भिंतीवरची चौकट तिनं चिकटलेल्या बोटांनी उतरवली, आतला कागद ओढून काढला आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीत टाकला.

'आपत्काळाची तयारी उत्तम.'

कागद जाडजूड सरकारी होता. तरी त्याला चार मिनिटं लागली नाहीत.